खाजऱ्याची भाजी

मे महिना सरत आला, वळवाच्या एक-दोन सरी होऊन गेल्या की ठाणे, पालघर, रायगडच्या डोंगरांतून मुंबईच्या बाजारात शेवळं उतरतात. जांभळट-तपकिरी, कणसासारखी निमुळती, पाच-सहांची जुडी बांधलेली. त्या जुडीशेजारी हमखास दुसरा एक वाटा मांडलेला असतो, काकडांचा. हिरवी, बोराएवढी, एक चावलं तरी दात आंबवणारी फळं. नवखं गिऱ्हाईक फक्त शेवळं उचलू लागलं तर विकणारी बाई काकडं घ्यायला लावते, नाहीतर चिंच भरपूर घाला म्हणून बजावते. शेवळं म्हणजे सुरणाच्या गोतातल्या एका कंदाचा फुलोरा. पान फुटण्याआधी तो जमिनीतून वर येतो आणि पावसाने जोर धरला की संपतो. काकड हा उंच वाढणारा, पानगळी वृक्ष. दोघांचं कूळ वेगळं, वाढण्याची तऱ्हा वेगळी, वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात ते कधी एका पानावर येणार नाहीत. त्यांची गाठ पडते ती फक्त कढईत. शेवळं घशाला खाजतात आणि काकडाचा आंबट रस ती खाज मारतो. दोन्ही एकाच तीन आठवड्यांत मिळतात हा निसर्गाचा योगायोग. तो योगायोग ध्यानात घेऊन त्याची भाजी करणं हे मात्र माणसाचं काम आहे, आणि माझ्या मते रानभाजी नावाची जी काही गोष्ट आहे ती नेमकी एवढीच आहे.

या प्रस्तावनेत मला एकच मुद्दा मांडायचा आहे. रानभाजी ही वनस्पतींची जात नसून रीत आहे. अमुक झाड खाण्याजोगं आहे, हे विधान अर्धवट असतं. कोणत्या आठवड्यात, कोणता भाग, किती कोवळा असताना, काय काढून टाकून, कशात घोळून, किती वेळ शिजवून आणि किती खाऊन, एवढ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिल्यावर ते पुरं होतं. गेल्या काही वर्षांत रानभाज्यांवर भरपूर छापून आलं. कृषी विभाग ऑगस्टात, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमाराला रानभाजी महोत्सव भरवतो, शाळांत तक्ते लागतात, मोबाइलवर फोटो फिरतात. या सगळ्याचा साचा ठरलेला : झाडाचा फोटो, स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, मग ‘औषधी गुणधर्म’ अशी एक लांबलचक रांग आणि शेवटी, जागा उरलीच तर, ‘नेहमीच्या पालेभाजीप्रमाणे करावी’ ही ओळ. माझा आक्षेप या शेवटच्या ओळीला आहे. नेहमीच्या पालेभाजीप्रमाणे करता येत नाही, म्हणून तर ती रानभाजी.

आधी ‘रान’ या शब्दाकडे पाहू, कारण गैरसमजाची सुरुवात तिथून होते. शहरातल्या वाचकाला रान म्हटलं की जंगल दिसतं. देशावर मात्र ‘तो रानात गेलाय’ याचा अर्थ तो शेतावर गेलाय असाच होतो. काळं रान, मुरमाड रान, पडीक रान हे सगळे जमिनीचे प्रकार. रानभाज्यांची यादी या अर्थाने पुन्हा वाचली तर चित्र पालटतं. टाकळा, कुर्डू, घोळ, चिवळ, तांदुळजा, पाथरी, केना, आंबुशी यांतलं एकही झाड घनदाट जंगलात शोधायला जाऊ नये. ही सगळी बांधावरची, उकिरड्याकडेची, नांगरलेल्या आणि मोडलेल्या जमिनीतली तणं आहेत. माणसाने जमीन उकरली म्हणून ती तिथे आहेत. निंदणीला गेलेल्या बायका जे उपटत, त्यातलंच निवडून ओट्यात टाकत. एकाच कामातून शेत साफ होई आणि संध्याकाळचं कोरड्यास मिळे. शेवळं, लोत, भारंगी, कुड्याची फुलं, करांदे, वास्ते ही मात्र डोंगर-जंगलातली मंडळी. दोन्ही गटांना आपण एकच नाव देतो, पण त्यांच्यावरची संकटं वेगळी आहेत, हे पुढे येईलच.

आता शेवळांकडेच परत जाऊन त्यांना जरा जवळून पाहू. या वनस्पतीच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जुडीजुडीने भरलेले असतात. चावलं, चिरलं की पेशी फुटतात आणि या सुया जिभेत, घशात, चिरणाऱ्याच्या बोटांत रुततात. अळू, सुरण, शेवळं, सगळ्यांची खाज ती हीच. कॅल्शियम ऑक्झलेट पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्यामुळे नुसतं उकळून काम भागत नाही. स्वयंपाकघराने यावर उपायांची साखळीच लावलेली आहे. चिरण्याआधी हाताला तेल किंवा चिंचेचा कोळ लावायचा. वरची आवरणं सोलायची. आतल्या दांड्याच्या बुडाशी जो पिवळसर, दाणेदार भाग असतो तो कापून फेकायचा, कारण सगळ्यात खाजरा तोच. उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं. काकडं ठेचून, पाण्यात कालवून, तो रस गाळून घालायचा आणि भाजी पुरती शिजू द्यायची. मग त्यात कुणी वाल घालतं, कुणी सोडे, कुणी कोलंबी, कुणी खिमा. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंची आणि पाठारे प्रभूंची शेवळं यासाठी प्रसिद्धच आहेत. या साखळीतली पहिली पाच कामं चवीची नाहीत. ती सुरक्षिततेची आहेत, आणि ती कुठल्याही सूचनाफलकाऐवजी पाककृतीच्या पोटात लपवून ठेवलेली आहेत. तेच या विद्येचं वैशिष्ट्य. कुणी मुलीला ‘यात ऑक्झलेट असतं’ म्हणून सांगितलं नाही. ‘हे काढायचं, नाहीतर घसा धरेल’ म्हणून सांगितलं.

यात एक मेख आहे. शेवळं स्वतःच बोलतात : चूक केली तर पाच मिनिटांत घसा कळवतो. सगळीच झाडं इतकी प्रामाणिक नसतात. टाकळ्याचं उदाहरण घ्या. विदर्भात तो तरोटा, गोव्यात तायकिळो. पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत रस्त्याकडेला त्याचा हिरवा गालिचा पसरतो. तेव्हा खुडलेल्या लुसलुशीत पानांची, फणसाच्या आठळ्या आणि ओलं खोबरं घालून केलेली भाजी कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याची खूणच मानली जाते. टाकळा हा सोनामुखीचा सख्खा नातेवाईक. ज्या द्रव्यांमुळे सोनामुखी रेचक ठरते, त्याच वर्गातली द्रव्यं यातही आहेत. म्हणून पान कोवळं हवं, म्हणून ती भाजी रोज उठून खायची नाही. त्याच्याच शेजारी, त्याच्यासारखीच पिवळी फुलं घेऊन कासविंदा उभा असतो. टाकळ्याच्या पानात बहुधा तीन जोड्या, पर्णिका टोकाला गोलसर. कासविंद्याच्या जोड्या जास्त आणि टोकं अणकुचीदार. कासविंद्याचाही कोवळा पाला काही ठिकाणी खातात, भाजलेल्या बियांची कॉफीही करतात. पण पश्चिम उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षं पावसाळा सरल्यावर लहान मुलं एकाएकी बेशुद्ध होऊन दगावत होती आणि मेंदूज्वर म्हणून त्याची नोंद होत होती. विपिन वशिष्ठ आणि टी. जेकब जॉन या डॉक्टरांनी 2007 च्या सुमारास दाखवून दिलं की हा संसर्ग नाही. खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगांतल्या कच्च्या बिया खाल्ल्याने यकृत, स्नायू आणि मेंदू यांवर एकदम घाला पडतो. झाड तेच. पान, बी आणि भाजलेली बी या तीन वेगवेगळ्या गोष्टी झाल्या. ‘कासविंदा खाद्य आहे की विषारी?’ या प्रश्नाला त्यामुळे उत्तरच नाही. प्रश्नच चुकीचा आहे.

यावर पहिला आक्षेप विज्ञाननिष्ठ वाचकाचा येतो, आणि तो रास्त आहे. परंपरेत बरंच थोतांडही असतं. रीत म्हणून जे चालत आलं त्यातलं किती खरं आणि किती नुसती सवय, हे प्रयोगशाळेने ठरवावं, आजीने नव्हे. मला हे मान्य आहे, एका दुरुस्तीसह. प्रयोगशाळेने तपासावं, पण तपासायला आधी काहीतरी नोंदलेलं हवं. वास्ते म्हणजे बांबूचे कोंब. त्यात टॅक्सिफायलिन नावाचं द्रव्य असतं आणि ते फुटलं की हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. कोंबाचे पातळ काप करायचे, पाण्यात ठेवायचे, उकळायचे, ते पाणी फेकायचं, ही रीत कोकणापासून ईशान्य भारतापर्यंत सगळीकडे सापडते. रसायनशास्त्र सांगतं की पातळ चिरल्याने पेशी फुटून विष मोकळं होतं आणि उकळल्याने ते उडून जातं. म्हणजे रीत आधी होती, कारण मागाहून कळलं. उलट घडलं तेव्हा काय झालं, तेही इतिहासात आहे. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळत. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, चुना मागे ठेवला. त्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने 1735 मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि चुन्यामुळे मक्यातलं नायसिन शरीराला मिळतं हे कळायला विसावं शतक उजाडलं. दोनशे वर्षं माणसं एका वगळलेल्या पायरीपायी आजारी पडत राहिली. पायरी निरर्थक वाटली म्हणून गाळायची की कारण कळेपर्यंत पाळायची, यात शहाणपणा कशात आहे ते वेगळं सांगायला नको.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. रानभाज्यांचं हे कौतुक पोट भरलेल्यांचं आहे. ज्यांनी त्या खाल्ल्या त्यांनी दुसरं काही नव्हतं म्हणून खाल्ल्या, हे दुष्काळी अन्न आहे, त्याचा उत्सव कसला? याला पुरावाही आहे. 1886 मध्ये निघालेल्या मुंबई गॅझेटियरच्या वनस्पतीविषयक खंडात जुझे कामिलो लिस्बोआ या गोमंतकीय डॉक्टरांनी दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींचा स्वतंत्र विचार केलेला आहे. 1876 ते 78 चा भीषण दुष्काळ तेव्हा ताजा होता. बहात्तरच्या दुष्काळाची आठवण सांगणारी पिढी अजून आहे आणि तिच्यातल्या अनेकांना कुर्डूच्या भाजीचं नावही नको असतं. त्यांना आपण ‘सुपरफूड’ वगैरे ऐकवू नये, एवढी लाज बाळगायला हवी. पण दुष्काळी अन्न आणि रानभाजी या दोन गोष्टी मला एक वाटत नाहीत. झाड एकच असेल, पण भूक नेमकी रीतच खाऊन टाकते. कसावा, म्हणजे ज्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, कडू जातीचा असेल तर दिवसच्या दिवस भिजवून, वाळवून खावा लागतो. 1981 मध्ये उत्तर मोझांबिकच्या नामपुला प्रांतात दुष्काळ पडला, दुसरं अन्न उरलं नाही, वाळवायला वेळ राहिला नाही. हजाराहून जास्त माणसांचे, त्यातही मुलांचे आणि बायकांचे, पाय कायमचे लुळे पडले. कंद शतकभर तोच होता. आपल्याकडच्या कडू करांद्यांचं असंच : काप करायचे, राखेच्या पाण्यात उकडायचे, पुन्हा पुन्हा धुवायचे. या कामाला सरपण लागतं, पाणी लागतं, एक सबंध दिवस लागतो. दुष्काळात या तिन्हींचाच तुटवडा असतो. म्हणजे रानभाजीची पुरी रीत ही थोड्याफार निवांतपणाची, वाहत्या ओढ्याची आणि भरल्या सरपणाची निर्मिती आहे. नाइलाजाने ती उगवली असेल, पण नाइलाजात ती टिकत नाही.

शिवाय नुसता नाइलाज असता तर पंचांगात तिला जागा मिळाली नसती. भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, नांगरटीविना आलेलं खायचं, हा नेम काय आहे? नांगराच्या आधीच्या जेवणाची वर्षातून एकदा केलेली उजळणीच. (आज बाजारात मिळणाऱ्या ऋषीच्या भाजीत मक्याची कणसं असतात, ट्रॅक्टरने नांगरलेल्या शेतातली आणि मूळची अमेरिकेची. ऋषींना ती चालली असती की नाही, हा वाद मी घालणार नाही.) नेमाचा तपशील बदलला, पण वर्षातला एक दिवस राखून ठेवला की त्या दिवशीची कृती घरात जिवंत राहते, हे त्यातलं मर्म. आदिवासी पाड्यांवर नवी भाजी खाण्याआधी ती देवाला दाखवायची रीत आहे. तोवर कुणी खुडायचं नाही. भाविक याला श्रद्धा म्हणेल. मला त्यात कोंब पुरता वर येऊ देण्याची सक्तीही दिसते.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, अतिउत्साह आहे, आणि मला तीच सगळ्यात घातक वाटते. रानभाजीला औषध करून टाकणं. मधुमेह, मूतखडा, कर्करोग, सगळ्यांवर एकेक पाला नेमून दिलेला असतो. भाजीचा एक मोठा गुण असा की ती थोडी असते आणि लवकर संपते. शेवळं तीन आठवडे, टाकळा महिनाभर, कुड्याची फुलं त्याहून कमी. हंगाम हेच तिचं माप आहे. औषध म्हटलं की माणूस तीच वनस्पती वाळवून, पूड करून बारा महिने घेऊ लागतो आणि माप सुटतं. करोनाच्या साथीत गुळवेलीचे काढे घरोघरी गेले. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या 6 रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने हरकत घेतली आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल वापरली गेली असावी, असा मुद्दा मांडला. या वादात कोण बरोबर, हा इथे विषय नाही. दोन्ही बाजूंचं म्हणणं माझ्या मुद्द्यालाच येऊन मिळतं. एक म्हणतो फार दिवस घेतली, दुसरा म्हणतो भलतीच घेतली. ओळख, प्रमाण आणि काळ यांच्यापासून तोडलेली वनस्पती म्हणजे नुसता पाला, मग त्याला कितीही जुनं संस्कृत नाव असो.

इथवर मी रीत, रीत म्हणत आलो आणि आता मला माझ्याच मुद्द्याला अपवाद सांगायचा आहे : अळंबी. विषारी छत्रीला कोणतीही पाकक्रिया सुधारू शकत नाही. जगातल्या सर्वाधिक जीवघेण्या छत्र्यांत अमाटॉक्सिन नावाची विषं असतात. ती उकळून जात नाहीत, तळून जात नाहीत, वाळवूनही जात नाहीत. खाल्ल्यावर सहा-बारा तास काही होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याच्या दिवसात यकृत निकामी होत असतं. एप्रिल 2022 मध्ये आसामात रानटी छत्र्या खाऊन आठवड्याभरात 13 जण दगावले, त्यांत चहामळ्यांतले मजूर आणि त्यांची मुलं बरीच होती. पिढ्यान्‌पिढ्या छत्र्या खाणारी माणसं ती. अळंबीच्या बाबतीत लोकांत ज्या कसोट्या फिरतात : शिजवताना चांदीचं नाणं टाका, ते काळं पडलं तर विषारी; लसूण टाकून बघा; किड्यांनी खाल्ली असेल तर चांगली : त्या एकजात खोट्या आहेत. चांदी गंधकाने काळी पडते, या विषाशी तिचा संबंध नाही. किड्याचं पोट आणि माणसाचं यकृत सारखं नाही. परंपरेतल्या थोतांडाबद्दल वर जो आक्षेप आला होता तो इथे शंभर टक्के लागू पडतो, आणि ज्या पुस्तकात या कसोट्या छापलेल्या दिसतील ते खुशाल मिटून ठेवावं.

मग कोकणात, गोव्यात, विदर्भात लोक अळंबी खातात ती कशाच्या भरवशावर? कसोट्यांच्या नव्हे, जागेच्या. श्रावणाच्या आसपास, चार दिवस झड लागून मध्ये उघडीप पडली की वारुळावर पांढऱ्या अळंब्यांचा घोस फुटतो. गोव्यात ही ओळमी, विदर्भात सात्या. शास्त्रात या गटाचं नाव टर्मिटोमायसिस. वारुळातली वाळवी पालापाचोळा चावून त्याचे मधाच्या पोळ्यासारखे गोळे रचते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. लाकूड-पाचोळा पचवण्याचं अवघड काम बुरशी करते, मग वाळवी ते खाते. वाळवीची ती शेतीच आहे, माणसाच्या शेतीहून कितीतरी जुनी. म्हणून ही अळंबी उपटली तर दांड्याखाली एक लांब, मुळीसारखा शेपटा थेट वारुळाच्या पोटापर्यंत गेलेला सापडतो, आणि जाणकार पहिल्यांदा तोच बघतो. म्हणूनच ती धिंगरीसारखी पिशवीत पिकवता येत नाही; वाळवीसकट पिकवावी लागेल. ज्या घराला एखादं वारूळ माहीत असतं ते दर वर्षी त्याच वारुळावर, त्याच नक्षत्राच्या सुमाराला जातं आणि दुसरीकडे दिसलेल्या तशाच छत्रीकडे ढुंकूनही बघत नाही. ही ओळख ‘पांढरी छत्री’ या वस्तूची नाही, एका ठिकाणाची आहे. ती किती ठिकाणापुरती असते याचा कडू पुरावा कॅलिफोर्नियात मिळाला. तिथे स्थायिक झालेल्या आग्नेय आशियाई कुटुंबांनी मायदेशी खात असलेली भातपेंढ्यावरची छत्री समजून तिथली विषारी छत्री खाल्ली. त्यांचं ज्ञान चुकीचं नव्हतं, दुसऱ्या गावचं होतं. आपल्याकडून परदेशी गेलेल्यांनी हे लक्षात ठेवावं; अंगणातल्या ओल्या गवतावर उगवलेली छत्री गावाकडच्यासारखी दिसली, एवढ्यावर कढई तापवू नये. थोडक्यात, अळंबीचा अपवाद माझ्या मुद्द्याला खरोखर मोडत नाही, मागे नेतो : तिथे सगळी रीत वेचण्यातच संपलेली असते, चुलीपाशी फक्त कांदा-खोबरं उरतं.

शेवटचा आक्षेप पर्यावरणाचा, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. मागणी वाढली की झाड संपतं. शेवळं म्हणजे फुलोरा; तोच खुडला तर बी धरणार कधी? एका जातीच्या पांढऱ्या मुसळीची कंदांच्या व्यापारापायी काय दशा झाली ते सर्वांपुढे आहे. गोव्यात ओळमी अभयारण्यातून काढू नये म्हणून वनखात्याला दर पावसाळ्यात सांगावं लागतं, कारण महामार्गाकडेला तिला मिळणारा भाव वारूळ खणून काढण्याइतका चढलेला असतो. इथे रान या शब्दाचे दोन अर्थ पुन्हा वेगळे करावे लागतात. डोंगरातल्या वनस्पतींना भय खुडण्याचं आहे, आणि त्यावर खुडणारे तेच राखणारे असतील तरच इलाज चालतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, त्यात कंदमुळंही आली, वननिवासींची मालकी मान्य केली आहे; गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने सामूहिक हक्क मिळवून वनाची राखण कशी होते ते दाखवलंही आहे. शेतातल्या तणांना मात्र खुडण्याचं भय मुळीच नाही. कुर्डू कितीही खुडा, पुढच्या मृगाला तो हजर. त्याचं मरण तणनाशकात आहे. निंदणीला मजूर मिळत नाही आणि मिळालाच तर परवडत नाही, म्हणून शेतकरी फवारतो. त्याला दोष देण्याचा अधिकार शहरात बसून शंभर रुपयांना रानभाजीची थाळी खाणाऱ्याला नाही. पण फवारलेल्या बांधावरचा टाकळा भाजीला घेऊ नये, ही नवी पायरी जुन्या रीतीत आता घालावीच लागते, आणि ती कुठल्याच आजीला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

जैवविविधता कायद्याखाली गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या करायच्या आहेत, काही ठिकाणी त्या मन लावून झाल्याही आहेत. माधव गाडगीळांसारख्यांनी या कल्पनेसाठी आयुष्य वेचलं. अशा वहीत ‘उपयोग’ या रकान्यात ‘भाजी’ एवढा एक शब्द भरला की नोंद पुरी झाली असं समजतात. त्या एका शब्दाच्या पोटात किती पायऱ्या असतात ते वर आलंच. आणि तो रकाना भरणाऱ्याने बहुधा गावातल्या पुरुषांना विचारलेलं असतं. पुरुष झाड दाखवेल, नाव सांगेल. पाणी किती वेळा फेकायचं, भारंगीचा पाला उकडून किती घट्ट पिळायचा, फोडशीच्या जुडीतला पांढरा दांडा का काढायचा, हे तो ‘घरात विचारा’ म्हणून सोडून देईल.

प्रस्तुत पुस्तक त्या घरातून सुरू होतं, म्हणून ही प्रस्तावना लिहायला मी राजी झालो. इथे झाडांचा क्रम अकारविल्हे नाही, नक्षत्रांचा आहे. रोहिणीला शेवळं आणि पुढे पाऊस जसा सरकेल तशी पानं. प्रत्येक भाजीला आधी ‘काय टाकायचं’ आणि मगच ‘काय घालायचं’ असा मजकूर आहे. नावं तालुक्यागणिक दिली आहेत, कारण एकाच्या गावी जे खाण्याच्या भाजीचं नाव, तेच दुसऱ्याच्या गावात गुरंही खात नाहीत अशा झाडाचं नाव असू शकतं. गुणधर्मांची रांग कुठेही नाही. वाचकाने फोटोवरून भाजी ओळखून घरी आणू नये. पहिली खेप जाणत्या बाईबरोबर करावी, जुडी तिच्याकडूनच घ्यावी आणि ती सांगेल तेवढं आंबट घालावं. अळंबीचं प्रकरण सर्वांत लहान आहे. त्यात कांदा-खोबऱ्याचं एक सुकं आणि एक पातळ आहे, वारुळांची गावं मात्र मुद्दाम दिलेली नाहीत.